गावच्या ग्रुपवरचा स्पॅम: नव्या अ‍ॅडमिनसाठी

अ‍ॅडमिनपद कुणी मागून घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढणारा कंटाळतो, जाता जाता दोघातिघांना अ‍ॅडमिन करून टाकतो, आणि कधीतरी तुमच्या लक्षात येतं की ही जबाबदारी आता आपल्या गळ्यात आहे. माझं तसंच झालं. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, ग्रुपवर साडेतीनशेच्या वर माणसं. निम्मी मुंबई-पुण्याला, थोडी आखातात, उरलेली गावात, पण ती सड्यावर चढल्याशिवाय ऑनलाइन दिसत नाहीत. मला वाटलं होतं, रोज सकाळी फुलांचे फोटो टाकणाऱ्यांना जरा आवरलं की झालं. तिसऱ्याच आठवड्यात तात्यांच्या नावाने एक फाइल आली.

मे महिना, सकाळचे सव्वासहा. ‘पीएम किसान नवीन यादी’ असं नाव, खाली ‘आपले नाव तपासा’, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरं. तात्या त्या वेळी आंब्याच्या कलमांत होते, पेट्या भरायच्या होत्या. मी फोन केला तर म्हणाले, “मीया काय धाडूक नाय. माजा व्हॉट्सअ‍ॅप कालधरना बंदच आसा.” ते खरंच बोलत होते. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून आलेली तीच फाइल त्यांनी उघडली होती. तोवर आमच्यातल्या सात जणांनी ती उघडलीही होती, कारण पाठवणारे तात्या! शेतीच्या योजनांची माहिती गावात पहिली त्यांनाच असते.

गावच्या ग्रुपचं दुखणं हेच आहे. अनोळखी नंबरावरून काही आलं तर आपली माणसं सावध असतात. तेच तात्यांच्या नावाने आलं की कुणी दोनदा वाचत नाही. म्हणून पुढे जे सांगतोय त्यातली अर्धी कामं सेटिंगमधली आहेत आणि अर्धी फोन उचलून माणसांशी बोलायची.

आधी दारं बघा

ग्रुपच्या माहितीत जा आणि परवानग्यांचं पान उघडा. सदस्यांना दुसऱ्या कुणाला जोडता येणं बंद करा. नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल, ही सोय चालू करा. ग्रुपचं नाव आणि फोटो बदलायचा अधिकारही अ‍ॅडमिनकडे ठेवा, नाहीतर एक दिवस गावाच्या नावाऐवजी शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या कुठल्या तरी ‘गुरूं’चं नाव दिसेल.

मग निमंत्रणाची लिंक. ती कुठे कुठे पोचली आहे ते तुम्हाला कळणारच नाही. आमची लिंक जत्रेच्या बॅनरच्या फोटोबरोबर फेसबुकवर फिरत होती, दोन वर्षं. लिंक रीसेट करायचं बटण तिथेच असतं, ते दाबलं की जुनी लिंक मेली. मी आता दर गणपतीनंतर ती बदलतो, कारण चतुर्थीला प्रत्येक जण आपल्या मेव्हण्यालाही ग्रुपवर घेऊन येतो.

अर्ज आला की माणूस आपला की परका, हे ओळखायला कोकणात फार डोकं लागत नाही. ‘वाडी कुठली, घर कुणाचं?’ एवढं विचारायचं. खऱ्या माणसाचं उत्तर लांबलचक येतं, आजोबांपासून सुरू होतं. प्लॉटवाला एजंट ‘गावातलाच आहे’ एवढ्यावर थांबतो. मग विचारायचं, देवळाकडे जाताना व्हाळ, म्हणजे ओढा, कुठल्या हाताला लागतो? वेबसाइटवर वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतात, त्यापेक्षा हे बरं. फक्त नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेला हा प्रश्न घालू नका. मी घातला होता, आणि तिच्या सासूबाईंनी मला भर बाजारात त्याबद्दल सुनावलं.

गप्प बसलेल्या परक्यालाही सोडू नका. तो काहीच टाकत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण ग्रुपमध्ये शिरलं की सगळ्यांचे नंबर समोर दिसतात, बऱ्याच जणांची नावं आणि फोटोही. साडेतीनशे नंबर उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी निघून जायचं. पुढच्या महिन्यात गावातल्या पन्नास जणांना एकाच कर्जवाल्याचा मेसेज आला, तर तो कुठून आला असेल ते बघायला सदस्यांच्या यादीखाली गेल्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावं मिळतात.

अ‍ॅडमिन किती असावेत? आमच्याकडे चार आहेत. त्यातला एक मुंबईला रात्रपाळीत काम करणारा हवाच, हा माझा आग्रह. पावसात आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो, आणि मध्यरात्री आलेला कचरा सकाळी दहापर्यंत तसाच पडून राहतो. सात-आठ अ‍ॅडमिन मात्र करू नका. एकाने काढायचं आणि दुसऱ्याने परत घ्यायचं, असा ग्रामपंचायतीसारखा कारभार सुरू होतो.

आलाच, तर पहिली दहा मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. मेसेज पुसून टाकल्यावर पुरावा म्हणून दाखवायला काही राहत नाही. मग मेसेज दाबून धरा, डिलीट, सर्वांसाठी डिलीट. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही असा काढता येतो, आणि ‘अ‍ॅडमिनने काढला’ असं तिथे दिसतं. दिसू दे.

एकामागून एक यायला लागले, तर ग्रुपच बंद करा. म्हणजे ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा. पंधरा मिनिटांत आपण सफाई करतो, मग परत उघडतो. कुणाचं काही अडत नाही.

मेसेजला उत्तर देऊन ‘हे फ्रॉड आहे, उघडू नका’ असं लिहायचा मोह होतो. आमच्याकडे अकरा जणांनी तसं लिहिलं. झालं काय, वर सरकून गेलेला तो मेसेज अकरा वेळा खाली आला, आणि ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही त्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या ग्रुपला सावध करायलाही लिंक किंवा फाइल पुढे ढकलू नका, स्क्रीनशॉट पाठवा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी लिहिण्यापेक्षा आवाजात सांगा. मी तेव्हा पाठवलेला आवाजी मेसेज एवढाच होता: “तात्यांच्या नावान जां काय इलां हा, तां उघडू नकात. तात्यांचो फोन बिघाडलो हा.” चष्मा शोधावा लागत नाही, लगेच कळतं.

परक्या नंबराने टाकलं असेल तर त्याला काढा, ब्लॉक करा आणि रिपोर्टही करा. रिपोर्ट केलं की त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि त्याला ते कळत नाही. एकट्याने केलेल्या रिपोर्टवर विसंबू नका, चारही अ‍ॅडमिनांनी करा.

मेसेज पुसला म्हणजे काम संपलं असं नव्हे. ज्यांनी फाइल आधीच फोनमध्ये बसवली, त्यांच्याकडे ती बसलेलीच आहे. पुढचं काम त्यांच्याकडे जाऊन करायचं.

तात्यांच्या फोनात काय झालं होतं

हे नीट समजून घ्या, म्हणजे लोकांना ओरडण्याऐवजी समजावता येईल. यादी, लग्नपत्रिका, गाडीचं चलन, बँकेची पावती, या गोष्टी फोटो किंवा पीडीएफ म्हणून येतात. ज्या फाइलच्या शेवटी एपीके असतं ते अ‍ॅप आहे. प्ले स्टोअरच्या बाहेरून बसवायला गेलं की फोन आधी अडवतो आणि अनोळखी ठिकाणच्या अ‍ॅपला परवानगी द्यायची का म्हणून विचारतो. तात्यांनी ‘होय’ केलं, कारण सरकारी काम आहे, चार वेळा होय म्हणावंच लागतं ही आपली सवय. मग त्या अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. तीही दिली.

तिथेच चावी गेली. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करायला सहा आकडी कोड एसएमएसने येतो. चोराने तात्यांचा नंबर आपल्या फोनवर टाकला, कोड तात्यांच्या फोनवर आला, अ‍ॅपने तो वाचून चोराकडे पाठवला. तात्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद, चोराचं चालू, आणि मग तात्या ज्या ज्या ग्रुपवर होते तिथे तीच फाइल. बँकेचा ओटीपीही याच वाटेने जातो.

अशा वेळी पहिलं काम, फोनचं नेट आणि वायफाय बंद करा, फ्लाइट मोडवर टाका. सिम काढून जुन्या बटणाच्या फोनात घाला. तो फोन घरात कुठेतरी असतोच, देवाच्या फळीवर नाहीतर ट्रंकेत. आता येणारे एसएमएस त्या अ‍ॅपला दिसणार नाहीत. बँकेला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून सांगून व्यवहार थांबवा, नंबर पासबुकावर छापलेला घ्या, गुगलवर शोधू नका. शोधायला गेलात तर खोटी मदतवालीही सापडतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर सांगाल तितकी गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, कारण चोर ती खात्यामागून खात्यात फिरवत असतो. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर होते.

मग व्हॉट्सअ‍ॅप परत घ्यायचं. दुसऱ्या स्वच्छ स्मार्टफोनवर तात्यांचाच नंबर टाकायचा, कोड बटणाच्या फोनवर येईल, तो घालायचा. त्या क्षणी चोर बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. आत आल्यावर जोडलेली डिव्हाइसं तपासून परकी काढा आणि द्विस्तरीय पडताळणीचा सहा आकडी पिन लावा. तो कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. आमच्याकडे कॅलेंडर ही घराची तिजोरीच असते, दूधवाल्यापासून सगळे ते वाचतात. कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे बघायलाही विसरू नका: ##००२# डायल केलं की सगळं कॉल वळवणं रद्द होतं. बिघडलेला फोन शेवटी फॅक्टरी रीसेट करा, फोटो आधी काढून घेऊन.

या सगळ्या वेळात तात्यांचा नंबर ग्रुपमधून काढून ठेवा आणि काम झाल्यावर त्यांना स्वतः फोन करून परत घ्या. हा फोन महत्त्वाचा. गावात माणूस ग्रुपमधून काढला म्हणजे वाळीत टाकल्यासारखं वाटतं. तात्या चार दिवस बाजारात आले नव्हते.

घरचा धंदा आणि परका धंदा

यात माझे सगळ्यात जास्त वाद झालेत. स्पॅम म्हणजे नको असताना, पुन्हा पुन्हा, सगळ्यांच्या माथी मारलेलं काहीही. मग वहिनीची कोकम आगळाची जाहिरात दिवसातून तीनदा येते, ती काय? ती स्पॅमच आहे, फक्त गोड स्पॅम. तिला काढलं तर घरपणाला तडा जाईल, आणि नाही काढलं तर उद्या ‘समुद्र दिसणारा प्लॉट, सातबारा क्लिअर’वाला विचारेल, तिला चालतं मग मला का नाही?

आम्ही ठरवलं ते असं. गावात राहणाऱ्याने किंवा गावच्या माणसाने स्वतः पिकवलेलं, केलेलं विकायचं असेल, तर रविवारी एकदा. आंबा, फणसपोळी, आगळ, काजू, होमस्टे, रिक्षा, सगळं. जमिनीचे व्यवहार कधीच नाहीत, भाऊबंदकी असलेल्यांचेही नाहीत, त्यांचे तर मुळीच नाहीत. कर्ज, शेअर, घरबसल्या कमाई, लॉटरी दिसलं की न विचारता काढायचं. हे चार ओळींत लिहून ग्रुपच्या वर्णनात टाकलं. तुमच्याकडे वार वेगळा ठेवा, पण नियम लिहिलेला हवा, म्हणजे भांडण तुमच्याशी होत नाही, नियमाशी होतं.

आंब्याबद्दल जरा जास्त. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. नाव मोठं झालं तसे नावाला चिकटणारेही वाढले. बागेचा उचललेला फोटो, अर्धे पैसे आधी, क्यूआर कोड, आणि नंतर नंबर बंद. तसंच होमस्टेचं, आणि गणपतीच्या गाड्यांचं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून ‘कन्फर्म तिकीट, फक्त पाचशे अ‍ॅडव्हान्स’ हा मेसेज नेमका त्याच आठवड्यात येतो. चाकरमान्यांच्या ग्रुपवर तो पहिल्यांदा टाकणारा बहुधा स्वतः फसलेला नसतो, त्याने तो नुसता पुढे ढकललेला असतो, ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणून.

मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो तुमच्यापर्यंत येईतो निदान पाच हातांतून गेलेला आहे. पुढे पाठवणाऱ्याला विचारा, “ह्या तुका कोणी धाडल्यान?” दोन माणसं मागे गेलं की धागा तुटतो.

एसएमएसचं थोडक्यात

ग्रुपवर लोक एसएमएसचे फोटो टाकून ‘खरं का?’ विचारतात. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’, खाली दहा आकडी नंबर. महावितरणचे एसएमएस एमएसईडीसीएल अशा अक्षरी नावाने येतात, कुणाच्या मोबाईल नंबरावरून नाही. कंपन्यांच्या एसएमएसच्या नावामागे आता एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. नको असलेल्या जाहिराती थांबवायला १९०९. फसवणुकीचा संशय असलेला कॉल किंवा मेसेज संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षु’ सोयीत कळवता येतो, पैसे गेलेले नसले तरी.

वादळाच्या दिवसांत वेगळाच पूर येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हाचे व्हिडिओ दर जूनमध्ये ‘आत्ताचे’ म्हणून येतात. फोटो जुना दिसला तरी भांडत बसू नका, हवामान खात्याचा किंवा इन्कॉइसचा (समुद्राचे इशारे देणारी केंद्र सरकारची संस्था) त्या दिवसाचा इशारा ग्रुपवर टाका. समुद्रावर जाणाऱ्याला तोच लागतो.

काढण्याआधी एक फोन

गेल्या काही वर्षांत +८४, +६२, +२५४ अशा नंबरांवरून मिस्ड कॉल आणि नोकरीचे मेसेज पुष्कळ आले. ते बघून मीही एकदा झपाट्याने सगळे परदेशी नंबर ग्रुपमधून काढून टाकले. त्यात +९७१ होता, +९६५ होता, +९६८ होता. दुबई, कुवेत, ओमान. म्हणजे आमचीच पोरं. एकाच्या आईने मला सलग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन केला, “माज्या झिलान काय केल्यान?” तेव्हापासून कोड बघून नाही, माणूस विचारून काढतो.

अ‍ॅडमिनला एक भीती नेहमी असते: कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणी दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. त्यामुळे झोप घालवू नका. पण दिसलेली घाण काढा.

शेवटचं काम वर्षातून एकदाच करायचं, मी शिमग्यानंतर करतो: सदस्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. कोण वारलं, कुणी नंबर बदलला. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. आमच्या एका पुतण्याने मुंबईत नवा नंबर घेतला आणि जुनं सिम सोडून दिलं, पण व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरावर चालू ठेवलं. काही महिन्यांनी तो नंबर परक्या माणसाला मिळाला, त्याने व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, आणि तो थेट आमच्या ग्रुपवर येऊन बसला. पहिला मेसेज आला, “भाई, ये कौन सा ग्रुप है?” तोवर चौघांनी त्याला स्पॅम म्हणून रिपोर्ट केलंही होतं. मी फोन करून समजावलं तर बिचारा हसला, आणि काढायच्या आधी रविवारची जाहिरात वाचून पेटीचा भाव विचारला. दोन डझन आंबे वहिनीने त्याला कुरिअरने पाठवले. नंबर मात्र त्याच दिवशी काढला.